मुक्काम पोस्ट गडब

(गडब येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सुचवला होता, ‘नोकरीतलं यश आणि प्रेरणा’. मी म्हटलं, विषय घेते, पण माझ्या नोकरीपुरता. चौतीस वर्षं मी कॅन्सर नोंदणीचं काम केलं. माझ्या सासरच्या माणसांनाही मी नेमकं काय करते ते बरीच वर्षं कळलं नव्हतं. ‘हॉस्पिटलात आहे’ एवढंच ते सांगायचे. मी नर्स नव्हते, डॉक्टर नव्हते. मी कागद वाचायची आणि माणसं मोजायची.

हे काम मी कुठे शिकले असेन तर इथेच, माझ्या माहेरी, आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या टेबलाशी. आपल्या वयाच्या लोकांचे शाळेचे दाखले काढून पाहा. निम्म्यांची जन्मतारीख १ जून सापडेल. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, शाळेला सहा वर्षं पूर्ण झालेली हवी असायची, मग मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या वडिलांना गुरुजींनी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “उधाण होतं, बांधाला खांड गेली होती, रात्रभर आम्ही बांधावर होतो आणि सकाळी घरी आलो तर ही झालेली.” गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. संध्याकाळी घरी आले आणि आजीला एकच विचारलं, तेव्हा गणपती यायचे होते की जाऊन झाले होते? यायचे होते, आजी म्हणाली. म्हणजे गणपतीआधीचं उधाण, श्रावणातल्या अवसेचं. मग त्या वर्षीचं पंचांग कुणाकडून तरी मिळवून त्यांनी माझी तारीख जनरल रजिस्टरात लिहिली. तीच आज माझ्या पेन्शनच्या कागदावर आहे. एका सहा वर्षांच्या मुलीच्या एका रकान्यासाठी गुरुजी अर्धा दिवस खपले. त्याचं मोल मला फार उशिरा कळलं.

आता माझं काम सांगते. एका ठरलेल्या भागात राहणाऱ्या माणसांपैकी एका वर्षात किती जणांना नव्याने कॅन्सर झाला, कुठल्या अवयवाचा, कुठल्या वयात, आणि त्यांतले किती गेले, याची मोजणी म्हणजे कॅन्सर नोंदणी. त्यात एकही माणूस सुटता कामा नये आणि एकही दोनदा येता कामा नये. हॉस्पिटलला फक्त त्याच्या दारात आलेला रुग्ण माहीत असतो. नोंदणीला सगळ्या दारांवर जावं लागतं, आणि जो कुठल्याच दारात गेला नाही, घरीच गेला, त्यालाही शोधावं लागतं.

आपल्या देशात हे काम पहिल्यांदा मुंबईत सुरू झालं. डॉ. डी. जे. जुस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली आणि त्याच सोसायटीने १९६३ साली मुंबईची कॅन्सर नोंदणी उभारली. १९६४ पासूनचे मुंबईचे आकडे सलग मिळतात. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१च्या अखेरीस राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. मुंबई, बंगलोर आणि मद्रास या तीन शहरांतल्या लोकसंख्येच्या नोंदण्या त्यात आल्या. मी त्यानंतर काही वर्षांनी या कामाला लागले.

परदेशात बऱ्याच ठिकाणी डॉक्टर किंवा प्रयोगशाळा स्वतःहून नोंदणीला कळवतात, कायदाच तसा असतो. आपल्याकडे नोंदणीचा माणूस पिशवीत फॉर्म घेऊन हॉस्पिटल-हॉस्पिटल फिरतो. रेकॉर्ड रूम, पॅथॉलॉजी, एक्स-रे, रेडिएशनचा विभाग, वॉर्ड. त्यानंतर महापालिकेचं मृत्यूनोंदीचं दफ्तर. माझा सोमवार परळला जायचा, मंगळवार भायखळ्याला, आणि शुक्रवारी मरणाची रजिस्टरं. उभ्याने वाचायची सवय तेव्हाच लागली. एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मला तीन वर्षं बसायला खुर्ची मिळाली नाही. दोष त्यांचाही नसेल, जागाच नव्हती. पण कुणी विचारलंही नाही की बाई, तू इथे रोज कशाला येतेस.

आणि इथे गडबचा संबंध येतो. फॉर्मवर एक प्रश्न असतो : या पत्त्यावर किती वर्षं राहता? मुंबईच्या नोंदणीत मोजायचं तर माणूस किमान एक वर्ष मुंबईत राहिलेला हवा. आता आपल्याकडचा माणूस काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. पेणहून परळला जायचं, मग लालबागला भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या खोलीत उतरायचं. केसपेपर काढताना पत्ता लालबागच्या चाळीचा. पत्रं येतात, निरोप येतो, सोय होते. मी वॉर्डात जाऊन विचारायची, “काका, गाव कुठलं?” मग हळूहळू निघायचं : वाशी, बोर्झे, कासू, नागोठणे, रोहा. एकदा एका बाईंच्या बोलण्यावरूनच मी ओळखलं आणि म्हटलं, तुम्ही आमच्याकडच्या का? त्या गडबच्या निघाल्या. आई त्यांना ओळखत होती. कागदावर मात्र त्या लालबागच्या होत्या. मी ते नाव मुंबईच्या मोजणीतून काढलं. नियमाने ते बरोबरच होतं. पण त्या रात्री झोप आली नाही, कारण मुंबईतून मी त्यांना काढलं खरं, पण आपल्या भागात त्यांना घालायला तेव्हा कुणी नव्हतं. त्यांचा आजार कुठेच मोजला गेला नाही.

सुटलेला माणूस हे एक संकट, दोनदा आलेला माणूस हे दुसरं. एकच बाई एका हॉस्पिटलात माहेरच्या नावाने, दुसऱ्यात सासरच्या नावाने, तिसऱ्यात नुसती ‘बाई’ लावून. आमच्याकडे आधी कार्डं होती, नंतर संगणक आला. पण संगणकाला कळत नाही की लक्ष्मीबाई आणि लखमी एकच असेल. ते नोंदणी करणाऱ्याला कळतं. वयाचंही तसंच. म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की ‘साठ-पासष्ट’ असं उत्तर येतं. मी गुरुजींसारखं विचारायला लागले. चिरनेरला गोळीबार झाला तेव्हा केवढे होता? ते १९३०चं साल. नागोठण्याला पूर आला तेव्हा पहिलं नातवंड झालं होतं का? ते १९८९. अशाने वय दोन वर्षांच्या आतबाहेर बसतं, आणि कॅन्सरच्या आकड्यात वय फार मोठी गोष्ट आहे.

मग संकेतांक. जगभर एकच पद्धत आहे, प्रत्येक अवयवाला एक अंक. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर म्हणजे सी ५३, स्तनाचा सी ५०. डॉक्टरांनी केसपेपरवर नुसतं ‘तोंडाचा कॅन्सर’ लिहिलं की नोंद सी ०६.९ होते, म्हणजे तोंडात कुठे ते माहीत नाही. पॅथॉलॉजीचा जुना रिपोर्ट शोधून काढला तर कळतं की गाठ हिरडीची आहे, सी ०३, किंवा गालाच्या आतल्या बाजूची, सी ०६.०. यात काय एवढं? आपल्याकडच्या बायका मशेरी लावतात ती हिरडीवर. पुरुष तंबाखूची गोळी धरतात ती गालात. तो एक अंक नीट पडला तर कुठली सवय कुठे मारते ते कळतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी आपल्या राज्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती, १९७२ साली तो अभ्यास छापून आला. एवढ्या तोंडांत बॅटरीचा उजेड टाकून कुणीतरी बसलं होतं, आणि प्रत्येकाचं कुणीतरी लिहून घेतलं होतं.

आता खरं बोलते. माझ्या नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी मला हे काम सोडावंसं वाटलं. पगाराचं होतंच. नोंदणीची बहुतेक माणसं प्रकल्पावर असतात, करार वर्षावर्षाने वाढतो, बढतीची शिडी नसते. पण त्याहून मोठं कारण होतं. दिवसभर मी मरणाऱ्या माणसांचे कागद वाचत होते आणि त्यांच्यासाठी काहीही करत नव्हते. नर्स निदान पाणी पाजते. एकदा वॉर्डात माहिती विचारताना एका बाईंचा मुलगा मला बाहेर घेऊन गेला आणि हात जोडून म्हणाला, “ताई, आईला सांगितलेलं नाही. गाठीचा आजार म्हणा, कॅन्सर म्हणू नका.” मी परत आत गेले आणि त्या माऊलीला तिचं गाव आणि वय विचारलं, आणि सगळा वेळ ती माझ्या फॉर्मकडे बघत होती. फॉर्मच्या माथ्यावर कॅन्सर हा शब्द होता. तिला वाचता येत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानंतर मी फॉर्म नेहमी दुमडून धरायला लागले.

तेव्हा मला उभारी दिली ती बार्शीने. ही हकिगत थोडी सविस्तर सांगते, कारण माझं आजचं सगळं म्हणणं तिच्यातून आलेलं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे डॉ. बी. एम. नेने यांनी टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या साथीने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. अडचण उघड होती. मुंबईत हॉस्पिटलं असतात, कागद असतात. परांड्याच्या खेड्यात म्हातारीला सहा महिने अंगावरून जातं आणि ती ते सुनेलाही सांगत नाही. ती मरते तेव्हा दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ येतं. नुसते कागद गोळा केले असते तर आकडा आला असता की खेड्यात कॅन्सरच नाही.

म्हणून त्यांनी नोंदणीचा माणूसच वेगळा घडवला. त्याला गावं वाटून दिली. तो ठराविक दिवसांनी त्या गावात जायचा, सरपंच, मास्तर, दाई यांना भेटायचा, जन्ममृत्यूचं रजिस्टर पाहायचा, पारावर बसायचा. कॅन्सरची लक्षणं काय, ती लवकर दाखवली तर काय होतं, हे सांगायचा. आणि कुणाचं काही संशयास्पद कळलं तर त्या माणसाला बार्शीला यायला तयार करायचा. तिथे तपासणी व्हायची. म्हणजे तो मोजतही होता आणि हाताला धरून आणतही होता. शास्त्राच्या दृष्टीने कुणी म्हणेल, ही मोजणी राहिली कुठे, तुम्ही तर मोजायच्या गोष्टीतच हात घातला. मला तो आक्षेप मान्य नाही. ज्या ठिकाणी माणूस डॉक्टरकडे जातच नाही, त्या ठिकाणी त्याला डॉक्टरकडे नेल्याशिवाय मोजता येत नाही.

काही वर्षांनी त्यांनीच लिहिलेले आकडे पाहिले तेव्हा दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडण्याचं प्रमाण वाढलं आहे. १९९५ साली त्यांचा त्यावरचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. कुठलं नवं यंत्र आलं नव्हतं, कुठलं नवं औषध नव्हतं. ठराविक दिवसांनी एक माणूस गावात येऊन बोलत होता, एवढंच झालं होतं.

त्याच माणसांच्या बळावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट. एका भागात एचपीव्ही विषाणूची एकदा चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचीच सोय. आठ वर्षं पाठपुरावा. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी झालेल्या भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, नेहमीची सोय असलेल्या भागात ६४. आज जगभर या चाचणीच्या बाजूने जे बोललं जातं, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा आहे. त्या चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी का मिळाली नाही, हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. त्या ६४ जणींचा विचार माझ्याही मनातून जात नाही. पण ३४ आणि ६४ हे दोन आकडे खरे मानावेत का, हे कशावरून ठरतं? आठ वर्षं गावोगाव जाऊन, गेलेली प्रत्येक बाई कशाने गेली ते ज्यांनी शोधलं, त्यांच्यावरून. त्यांतल्या एकाने जरी कंटाळून घरी बसून दोन मृत्यूंपुढे ‘वृद्धापकाळ’ लिहिलं असतं तर आकडा ढासळायला सुरुवात झाली असती. आपल्या खारेपाटात बांध फोडायला समुद्र लागत नाही. चिंबोरीचं बीळ पुरतं, पुढचं पाणी आपोआप करतं.

बार्शीचा १९९५चा तो निबंध वाचला तेव्हाच माझ्या कामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले होते. मी लिहिलेली ओळ पुढे कुठे जाते, ते मला आठ वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. ते दिसलं आणि मी राहिले. म्हणून नोंदणीचं काम पाहणाऱ्या वरिष्ठांना मी नेहमी हेच सांगत आले : कर्मचाऱ्याला प्रेरणेची भाषणं देऊ नका, त्याला त्याच्या नोंदीचं पुढे काय झालं ते दाखवा. वार्षिक अहवाल दिल्ली-बंगलोरला जातो, परिषदेत मांडला जातो. तो ज्याने मोजला त्याच्या हातात, त्याला कळेल अशा मराठीत, एकदा तरी ठेवा. त्याला सांगा की तू या वर्षी मरणाच्या दाखल्यावरून मागे जाऊन इतक्या केस शोधल्यास. नोंदणीत नुसत्या दाखल्यावरून कळलेल्या केस जितक्या कमी, तितकी ती नोंदणी पक्की मानतात. माझ्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या वाट्याच्या यादीत अशा केस फारच थोड्या उरल्या होत्या. नोकरीतलं यश म्हणून मला काय मिळालं असं विचाराल तर मी तेच सांगेन.

पण नुसत्या समाधानावर घर चालत नाही, हेही तितकंच ठामपणे सांगते. अमेरिकेत या कामाची वेगळी परीक्षा १९८३ पासून आहे. ती पास झालेल्या माणसाला व्यवसाय म्हणून ओळख मिळते, पगार त्याप्रमाणे मिळतो, आणि २०२४ पासून त्या पदाला नवं, अधिक साजेसं नावही दिलं गेलं आहे. आपल्याकडे तेच काम करणारी मुलगी शरीरशास्त्र शिकते, संकेतांक शिकते, पॅथॉलॉजीचे रिपोर्ट वाचते, आणि तिच्या हुद्द्यात मात्र ‘डेटा एन्ट्री’ असतं. पाच वर्षांत ती शिकून तयार होते आणि सहाव्या वर्षी तिला बँकेत नोकरी लागते. ती गेली की तिच्या डोक्यातली लखमी आणि लक्ष्मीबाईही जाते. तिला नियमित पद, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि वरची पायरी मिळायलाच हवी. हे मी निवृत्त झाल्यावर बोलते आहे, आता माझा त्यात काही लाभ नाही.

शेवटचा मुद्दा तुमचा आहे. मी माहेरी आले की मला हमखास विचारतात, “ताई, आपल्याकडे कॅन्सर वाढलाय ना? कारखान्यांनी झाला ना?” प्रश्न रास्त आहे. या पट्ट्यात धूर आहे, धूळ आहे, खाडीचं काय झालं ते कोळी बांधव मला सांगतात. पण मी तुम्हाला हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. गल्लीत तीन माणसं गेली एवढ्यावरून ठरत नाही. त्या तिघांचं वय काय, कॅन्सर कुठले, तंबाखू-मशेरी किती, ते इथे किती वर्षं राहिले, आणि तेवढ्याच वयाच्या तेवढ्याच माणसांत दुसरीकडे किती जण जातात, हे ठेवून पाहावं लागतं. पूर्वी माणूस पन्नाशीत साध्या तापाने जायचा, आता सत्तरीला पोचतो, आणि सत्तरीत कॅन्सर अधिक होतो. हेही वजा करावं लागतं. हे सगळं झाल्यावरही आकडा जास्त निघाला, तर तो घेऊन कुठल्याही कचेरीत जाता येतं आणि तिथे कुणाला तो झटकता येत नाही. कमी निघाला तर निदान चुकीच्या भीतीतून सुटाल आणि मशेरीच्या डब्याकडे नीट बघाल.

तो आकडा तयार होण्यातला पहिला माणूस नोंदणीवाला नाही, तुम्ही आहात. मुंबईला आजारी माणूस घेऊन जाल तेव्हा भावाच्या चाळीचा पत्ता फोन-निरोपासाठी वेगळा द्या. कायमच्या पत्त्याच्या रकान्यात मुक्काम पोस्ट गडब, तालुका पेण, जिल्हा रायगड असंच लिहायला सांगा आणि लिहिलं की वाचून बघा. घरात कुणी कॅन्सरने गेलं तर ग्रामपंचायतीत दाखला काढताना कॅन्सरच सांगा, लाज वाटून दुसरं काही सांगू नका. आणि कधी कुणी मुलगी पिशवीत कागद घेऊन दाराशी आली, आजोबांचं खरं वय विचारायला लागली, तर तिला आत बोलवा, बसायला खुर्ची द्या.